गिटारीवरचे चरे आणि गाडीचं कंपाउंड: आठ महिन्यांनंतर

जानेवारीत कुडाळला एकाकडून जुनी अकूस्टिक गिटार घेतली. आवाज गोड, पण रूप बघवत नव्हतं. पिकगार्डच्या (लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीच्या) खाली पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चकतीने ओढलेल्या रेघांचं जाळं, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, आणि उजवा हात टेकतो तिथे धुरकट पट्टा.

घाईघाईत पहिल्यांदा चकाकीवाली बाटली आणली. लावली आणि गिटार नवी झाली! तीन आठवड्यांनी खिडकीच्या तिरक्या उजेडात धरली, तर सगळे चरे पुन्हा हजर. त्या पॉलिशमधलं मेण चरे बुजवतं, काढत नाही. ते पुसलं गेलं की मूळ रूप वर येतं.

मग शिस्तीत केलं. आधी पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने पुसली, आणि तो धुरकट पट्टा निव्वळ घामाचा थर निघाला; कापड चहासारखं झालं. उरलेल्या चऱ्यांवरून नख फिरवलं. नख अडकतं ते चरे खोल, ते सोडून दिले. बाकीच्यांसाठी गाडीच्या रंगवाल्याकडून बारीक रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून गुळगुळीत करायची पेस्ट घेतली. "गाडयेक लावतत ता गिटारीक लावतलंस?" असं म्हणत त्याने दिली खरी. वर मशीनवर बफिंग करून देतो म्हणाला, ते मात्र मी टाळलं. चाक एका जागी जरा थांबलं तरी घर्षणाच्या उष्णतेने फिनिश, म्हणजे लाकडावरचा चकचकीत थर मऊ पडतो.

वाटाण्याएवढं कंपाउंड, मऊ कापड, हलक्या हाताने गोल गोल. दहा मिनिटांत पिकच्या रेघा जवळजवळ गेल्या. पण हेही लक्षात घ्या की कंपाउंड फिनिशच घासून पातळ करतं, म्हणजे दर सणाला करायचा हा उद्योग नाही. माझ्या गिटारीचं फिनिश पॉलीयुरेथेनचं आहे, कडक. जुन्या महागड्या गिटारीवर बऱ्याचदा नायट्रोसेल्युलोज लॅकर (नाजूक प्रकारचं वार्निश) असतं, तिथे हा प्रयोग करू नका. लाकूड तडकलेलं असेल तर सिलिकॉनवाली पॉलिशंही नकोत. पुढे दुरुस्तीच्या वेळी नवं लॅकर नीट धरत नाही.

दोन ठिकाणी फसलो. ब्रिजवरचा (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीवरचा) मास्किंग टेप सैल होता, त्यामुळे रोजवूडच्या रंध्रांत पांढरं कंपाउंड जाऊन बसलं. जुन्या टूथब्रशने खरवडत संध्याकाळ गेली. आणि उत्साहाच्या भरात मानेलाही एकदा घासलं. मान मॅट! आता अंगठा जिथे येतो तिथे रुपयाएवढा चकाकता डाग आहे, कायमचा.

पावसाळ्याची धास्ती होती. जुलैत केसच्या आतल्या कापडावर बुरशी आली, तारा गंजून काळ्या पडल्या, पण फिनिशला काही झालं नाही. आता केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, आणि वाजवून झालं की कोरड्या कापडाने पुसतो. एवढ्यावर कंपाउंडने आलेली चमक फेब्रुवारीत होती तशीच आहे.

गणपतीत भजनाला पेटी-पखवाजाच्या जोडीला नेली. पुतण्याच्या अंगठीने वरच्या कडेला एक नवी रेघ मारली. नख फिरवलं, अडकलं. ठेवली तशीच.