जाहिरात एजन्सीत नोकरी: राजारामपुरी की लोअर परळ?

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हेच विचारलं. तिघंही विशीतले. एकानं शिवाजी विद्यापीठातून पत्रकारिता केलेली, दोघांचं एमबीए. जाहिरातीत एक्झिक्युटिव्ह व्हायचंय, तर इथं कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एजन्सीत लागू की महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईला, लोअर परळला जाऊ? मी दोन्हीकडे काढलंय. आधी मुंबईत चार वर्षं, मग इथं अकरा.

पहिल्यांदा एक गैरसमज काढतो. जाहिरात सुचणं हे एक्झिक्युटिव्हचं काम नाही. ओळ कॉपीरायटरची, मांडणी आर्ट डायरेक्टरची. आपण त्या दोघांच्या आणि क्लायंटच्या मधे उभे. कोल्हापुरात एवढाच फरक, की लिहिणारा गावाला गेला तर ओळही आपणच पाडायची. चित्रकारांची ददात मात्र इथं नाही. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं रंगवली, ते हे गाव. कलानिकेतन, दळवीज आर्ट या इथल्या कलाशाळांतून आजही चांगले हात बाहेर पडतात.

मुंबईत मला एका साबणावर टाकलं होतं. साबणावर कसलं, त्यातल्या लिंबाच्या वासावर! संत्र्याच्या वासाला दुसरा एक्झिक्युटिव्ह होता. चौदा महिने मी तो लिंबू सांभाळला. समोर क्लायंटचा कनिष्ठ ब्रँड मॅनेजर, त्याच्या वर चार माणसं, आणि 'हो' म्हणायचा अधिकार पाचव्याला. पण एका पानात ब्रीफ, म्हणजे जाहिरातीतून काय साधायचंय ते, कसं बसवायचं, संशोधनाचा अहवाल कसा वाचायचा, मीडिया प्लॅनमध्ये, म्हणजे जाहिरात कुठं-कधी द्यायची त्या आराखड्यात, पैसा कुठं सांडतो, हे मी तिथंच शिकलो. ते इथं शिकवायला कुणाला सवड नसते.

इथं पहिल्याच आठवड्यात हातात आले गुजरीतले एक सराफ, एक बिल्डर, शिरोलीतली एक फाउंड्री आणि एका नेत्याची वाढदिवस पुरवणी. सगळीकडे मालक स्वतः समोर. दुकानातच चहा मागवतो, आर्टवर्क बघतो आणि तिथंच ठरवतो. संध्याकाळी मेहुणा येऊन काहीतरी बोलतो आणि ठरलेलं फिरतं, ही त्याची दुसरी बाजू. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळी हे चार मुहूर्त आणि निकालानंतर क्लासवाल्यांची झुंबड, यात निम्मं वर्ष जातं.

आता पैशाचं. हे कॉलेजात कुणी नीट सांगत नाही. पेपरातल्या जाहिरातीवर एजन्सीचं पारंपरिक कमिशन १५ टक्के. म्हणजे एक लाखाच्या जाहिरातीत १५ हजार. कोल्हापुरातला मुरलेला क्लायंट त्यातले पाच-सात टक्के आधीच परत मागतो. उरलेल्यातून आर्टिस्ट, ऑफिसभाडं आणि तुमचा पगार. तोही बिल वसूल झालं तर. पेपरला पैसे ठरल्या मुदतीत भरावेच लागतात, सराफाचे मात्र 'पुढच्या आठवड्यात बघू' असतात. त्यामुळे इथल्या एक्झिक्युटिव्हचं अर्धं काम म्हणजे वसुली. मुंबईत मी चार वर्षांत एकदाही कुणाकडे पैसे मागितले नाहीत, त्यासाठी वेगळा विभाग होता. पगार तिथं अर्थातच मोठा, पण खोलीचं भाडं आणि लोकलमधले तीन तास वजा करून बघा.

चुकीची किंमतही दोन्हीकडे वेगळी. इथं एकदा पाडव्याच्या जाहिरातीत माझ्या हातून फोन नंबरचा एक आकडा चुकला. पहाटे गंगावेशीत दूध पीत उभा होतो, तेव्हाच फोन आला. सराफानं मला शिवी दिली नाही, वडिलांचं नाव घेतलं. ते बिल अर्धंच मिळालं आणि त्यातला काही भाग माझ्या पगारातून गेला. मुंबईत अशीच एक चूक सहा जणांच्या मंजुरीच्या मेलमधून सुखरूप पार झाली होती. ती कुणाची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

होर्डिंगचं काम आलं तर मात्र दोन्ही शहरांत एकच सांगणं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचा फलक पडून १७ माणसं गेली. साइट बुक करताना महापालिकेचा परवाना आणि सांगाड्याच्या मजबुतीचा दाखला स्वतः बघायचा. 'आपलाच माणूस आहे' हे उत्तर चालवून घ्यायचं नाही.

बढतीचं म्हणाल तर मुंबईत शिडी लांब: एक्झिक्युटिव्ह, मॅनेजर, डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट. इथं पायऱ्या दोनच, नोकर आणि मालक. मुंबईची शिडी सुरक्षित वाटते, पण ती कुणी दुसऱ्यानंच धरलेली असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑम्निकॉम या अमेरिकी जाहिरात समूहानं इंटरपब्लिक हा दुसरा समूह ताब्यात घेतला आणि पाठोपाठ डीडीबी, एफसीबी, मुलनलो ही एजन्सींची जुनी नावं बंद करायचं जाहीर केलं. इथं एजन्सी बंद पडली तरी क्लायंट तुमच्या मोबाइलमध्ये राहतो.

पुण्याचं विचाराल तर पगार मधला आणि शिकणंही मधलंच. एखाद्या बिल्डरच्या किंवा दूध संघाच्या मार्केटिंग खात्यात बसणं ही वेगळी नोकरी, तिच्यात घड्याळ पाळलं जातं.

वयाची धास्ती मात्र फार घेऊ नका. नावाजलेले जाहिरातकार पियूष पांडे रणजी क्रिकेट खेळून, चहाची चव घेण्याची नोकरी करून १९८२ मध्ये ऑगिल्वी या एजन्सीत आले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. आले तेही क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे आपल्याच एक्झिक्युटिव्हच्या कामात, लिखाणाकडे नंतर वळले.

माझं मत विचाराल तर मी आधी मुंबई, मग कोल्हापूर असं उलट्या क्रमानं केलं आणि ते चुकलं. मुंबईहून आलो तेव्हा लोकांसमोर सादरीकरण झकास करायचो, पण थकलेल्या बिलासाठी फोन करताना घसा कोरडा पडायचा. तरी हातात मोठ्या एजन्सीचं नोकरीचं पत्र असेल तर आज रात्रीच गाडीत बसा. पत्र नसेल तर तिथं खोली घेऊन ते शोधत बसू नका. इथं दोन वर्षं काढा, बारा-पंधरा क्लायंटची कामं फायलीत लावा आणि मग जा.

आणि मुलाखतीत विचारा. लोअर परळला विचारायचं, मला कुठल्या ब्रँडवर घेताय आणि माझ्या आधीचा माणूस का गेला? राजारामपुरीत विचारायचं, बिल बुडलं तर माझ्या पगारातून कापता का? या प्रश्नावर मालक हसून विषय बदलतो. तेव्हा कागदावर लिहून मागा.