चार महिने फासे, चार महिने पॉइंट बाय: वाया गेलेल्या दोन गुणांचा हिशेब

गेल्या रविवारी खेळातला माझा एल्फ विझार्ड (एल्फ वंशाचा जादूगार) तटावरून पडून मेला आणि त्याचे कारण शोधू लागलो, तर दिवाळीनंतर मीच केलेली एक चुकीची खरेदी सापडली. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवरच्या पात्रांच्या खेळाचा आमचा डाव मालवणात आतेभावाच्या पडवीत बसतो, नियम २०१४ सालचे पाळतो आणि डीएम, म्हणजे गोष्ट रचून डाव चालवणाराही, आतेभाऊच असतो.

पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात केली तेव्हा पात्राच्या सहा क्षमतांचे गुण नियमांच्या पुस्तकातल्या मूळ पद्धतीने काढले: प्रत्येक क्षमतेसाठी चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडून द्यायचा आणि उरलेल्या तिन्हींची बेरीज घ्यायची. फासे लुडोच्या जुन्या डब्यांतले होते, खर्च शून्य झाला आणि तेवढ्यावरच मी ही पद्धत उत्तम ठरवली होती. हिशेबानेही ती तोट्याची नाही, कारण तिची सरासरी सुमारे १२.२४ येते, तर पुस्तकातल्या तयार संचाची (१५, १४, १३, १२, १०, ८) बरोबर १२ येते. मात्र सरासरी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. एका दानात अठरा पडण्याची शक्यता जेमतेम १.६ टक्के असताना भाच्याला पहिल्याच दानात अठरा पडले आणि माझा सर्वांत मोठा आकडा तेरा निघाला. अख्खा पावसाळा मी त्या तेरावर काढला.

दिवाळीनंतर माझ्याच हट्टाने आम्ही नवी पात्रे पॉइंट बायने, म्हणजे फासे न टाकता ठरावीक गुणांतून क्षमता विकत घेऊन, केली. भांडवल २७ गुणांचे, प्रत्येक क्षमता ८ पासून सुरू आणि १५ ही वरची मर्यादा. तेरापर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण लागतो, पुढच्या दोन पायऱ्यांना मात्र दोन-दोन. कोणाच्या नशिबाकडे पाहून जळायला नको आणि खर्च आपल्या हातात, यामुळे पहिला महिनाभर मी या पद्धतीचे कौतुक करताना थकत नव्हतो.

खोट आहे ती पंधरामध्ये. चौदाचा मॉडिफायर (फाशावरच्या आकड्यात मिळवायचा आकडा) अधिक दोन आणि पंधराचाही अधिक दोनच. म्हणजे पात्राच्या वंशामुळे एखादा गुण वर मिळून सोळा होणार नसतील, तर ते दोन गुण निव्वळ पाण्यात. माझ्या विझार्डच्या हाय एल्फ वंशाला इंटेलिजन्समध्ये (बुद्धीत) एक गुण मिळतो, त्यामुळे तिथले पंधरा योग्य होते. मी मात्र कॉन्स्टिट्यूशनही (काटकपणा) पंधरा घेतले, जिथे त्याला काहीच मिळत नाही, आणि स्ट्रेंग्थ (ताकद) आठवर ठेवली. रविवारी आतेभावाने समुद्रातला एक किल्ला रचला होता (सिंधुदुर्ग डोळ्यांसमोर असल्यावर दुसरे काय सुचणार?). तट चढायला दहा हवे होते, वीस बाजूंच्या फाशावर दहाच पडले, आणि आठ स्ट्रेंग्थचा उणे एक धरून झाले नऊ. कॉन्स्टिट्यूशन चौदावर थांबवून वाचलेल्या दोन गुणांत स्ट्रेंग्थ दहा झाली असती आणि तो उणे एक राहिलाच नसता. खडकावर बेशुद्ध पडलेल्या विझार्डच्या जगण्या-मरण्याचा निकाल लावणाऱ्या तीन दानांपैकी एकही सुलट पडले नाही.

हे ऐकून भाचा म्हणाला, “मामा, चौथ्या लेव्हलला एक गुण वाढवला असतास, तर ते पंधरा वसूल झाले असते.” हे खरे आहे, आणि त्यामुळे पंधराला सरसकट शिव्या देणे मी सोडले आहे. पण माझा विझार्ड तिसऱ्या लेव्हलला होता, आणि चौथीपर्यंत जगण्यासाठी लागणारे गुण मी आगाऊ भरून बसलो होतो.

नवे पात्र हिल ड्वार्फ वंशाचा क्लेरिक (पुरोहित) आहे. विझ्डम (शहाणपण) १५, कॉन्स्टिट्यूशन १४, स्ट्रेंग्थ १४, डेक्स्टेरिटी (चपळाई) १२, इंटेलिजन्स आणि करिझ्मा (बोलण्यातून समोरच्यावर छाप पाडण्याची क्षमता) प्रत्येकी ८. खर्च बरोबर २७, आणि विझ्डमला वंशाचा गुण मिळून सोळा होत असल्याने या वेळी एकही गुण फुकट गेलेला नाही. कागद पुढे केल्यावर आतेभावाने तो शांतपणे वाचला आणि पुढचा भाग राजदरबारातल्या वाटाघाटींचा आहे, असे सांगून करिझ्माच्या रकान्यावर बोट ठेवले.