अकरा दिवस विक्रेता नव्हता, बाराव्या दिवशी मला ६,००० शेअर मिळाले

ग्रॅच्युइटीच्या पैशांतून मी एका लहान कंपनीचे ६,००० शेअर ६८ रुपये ४० पैसे भावाने, म्हणजे ४,१०,४०० रुपयांना घेतले. ते विकून हाती १,१४,९०० रुपये आले. त्याआधी, कोणता शेअर घ्यायचा हे सांगणाऱ्या एका व्हॉट्सॲप गटाला ‘संशोधन शुल्क’ म्हणून १४,१६० रुपये भरले होते. दलाली आणि कर सोडून ३,०९,६६० रुपये बुडाले. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो आहे.

असे गट कसे चालतात हे वेगळे सांगायला नको. पण मी डोळे मिटून पैसे दिले नव्हते. साखर कारखान्याच्या लेखा विभागात २७ वर्षे काढलेल्या माणसाला कागद समजतो. पावतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवला होता आणि सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांकही छापला होता. तो क्रमांक खराच होता, मात्र दुसऱ्याच माणसाचा होता. सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो, एवढे पाहून थांबू नका, सेबीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकापुढचे नाव वाचा आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात जातात का, ते पाहा.

ज्या क्षणी मी सावध व्हायला हवे होते, तो मला आजही झोपू देत नाही. हा शेअर ४० रुपयांवरून सलग अकरा दिवस ५ टक्क्यांच्या वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव जेवढा चढू शकतो त्या कमाल मर्यादेला, बंद होत होता. मोबाइलवर खरेदीदारांची रांग लाखोंची आणि विक्रेत्यांच्या बाजूला शून्य, हे मी रोज पाहत होतो. बाराव्या दिवशी सकाळी गटात ‘आज घ्या’ असा संदेश आला, मी ९ वाजून २२ मिनिटांनी ऑर्डर टाकली आणि सहाच्या सहा हजार शेअर एका झटक्यात मिळाले. अकरा दिवस कुणीही एक शेअर विकायला तयार नसताना त्या सकाळी एवढा माल कुणी ओतला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला मात्र नशीब उघडल्यासारखे वाटले.

कंपनीचा वार्षिक अहवाल मी नुकसान झाल्यावर उघडला. नफा दिसत होता, पण रोख प्रवाह पत्रकात व्यवसायातून आलेली रोख सलग तीन वर्षे उणे होती आणि ग्राहकांकडून येणे बाकी विक्रीपेक्षाही वेगाने फुगली होती. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांचा, हिस्सा वर्षभरात ४८ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आला होता. हे सगळे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. नव्याने शेअर निवडणाऱ्याने निदान ही तीन पाने वाचल्याशिवाय एक रुपयाही घालू नये.

खरेदीच्या दुसऱ्या दिवशी भाव ७१ रुपये ८० पैसे झाला आणि त्यानंतर सलग २६ दिवस खालचे सर्किट, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा, लागले. मी रोज सकाळी विक्रीची ऑर्डर लावायचो आणि घेणाराच नसल्याने साडेतीनला ती रद्द झालेली असायची. शेवटी १९ रुपये १५ पैशांना सुटलो.

पोलीस ठाण्यात मला विचारण्यात आले, “काका, बटण तुम्हीच दाबलंत ना? मग फसवणूक कसली?” तेथून सायबर शाखेकडे पाठवले. त्या शाखेने सांगितले की शेअर माझ्याच डिमॅट खात्यात आले आहेत, तेव्हा हा बाजाराचा विषय आहे. बाजाराच्या बाबतीत ज्या कार्यालयात अर्ज केला, त्यांनी ५१ दिवसांनी कळवले की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तो आमच्याकडे नोंदलेलाच नाही. अहो, तो नोंदलेला नाही हीच तर माझी तक्रार आहे! दलालाने तर करारातील कलम दाखवून हात झटकले. चार ठिकाणी मिळून मी नऊ खेपा घातल्या, पण शुल्क ज्या यूपीआय खात्यात गेले त्याचा मालक कोण, हे शोधायची कुणाचीच तयारी नाही.

गट नाव बदलून चालूच आहे. नव्या गटात आलेल्या कंपनीचा भाव सहा दिवसांपासून वरच्या सर्किटला आहे. त्याचे स्क्रीनशॉट छापून मी पोलीस ठाण्यात नेऊन दिले. त्यांची पोचसुद्धा अजून मिळालेली नाही.