पोस्टाच्या भरपाईचा फोन आणि माझे ४३ हजार

मी ठाण्यात, नौपाड्यातून चिनीमातीचे कप, बरण्या ऑनलाइन विकते. नागपूरच्या एका काकूंना सहा कपांचा सेट स्पीड पोस्टने पाठवला. पोचला तेव्हा चार कपांचे कान तुटलेले. चूक माझीच होती म्हणा, खोकं नको तेवढं मोठं आणि बबल रॅपचा एकच वेढा. काकूंना २,४०० रुपये परत केले आणि वैतागून सगळी रामकहाणी सोशल मीडियावर लिहिली, वर पावतीचा फोटोही टाकला. त्या चिटोऱ्यावर पार्सलचा तेरा अक्षरी नंबर, वजन, भरलेले पैसे, शिवाय माझा मोबाइल नंबर!

पाऊण तासात फोन. "नमस्कार ताई, डॅमेज क्लेम विभागातून बोलतोय." स्वच्छ मराठी, मागे शिक्के मारल्यासारखी खटखट. पार्सलचा नंबर त्याने स्वतःच वाचून दाखवला, शेवटच्या 'आय एन'सकट. मला वाटलं, आतलाच माणूस. "तुमचे पूर्ण २,४०० मंजूर झालेत."

इथेच मला खटकायला हवं होतं. विमा न काढलेलं स्पीड पोस्ट हरवलं किंवा आतला माल फुटला, तर भरपाई मिळते ती भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातली जी कमी असेल ती. मी पावणेदोनशे भरले होते. म्हणजे फार तर साडेतीनशे! मालाची किंमत वसूल व्हायची तर पाठवतानाच खिडकीवर विमा काढावा लागतो. तीन वर्षं पार्सलं पाठवतेय, पण हा नियम मी पैसे गेल्यावर वाचला.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर 'क्लेम फॉर्म' पाठवला. ती एपीके फाइल होती, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी. उघडली, तर मेसेज वाचायची परवानगी मागितली. दिली. मग पाच रुपये 'व्हेरिफिकेशन'चे भरायला कार्डाचा नंबर आणि पिन. पैसे मिळायचे तर पिन कशाला, असं एकदा मनात आलं होतं. पण तो तेवढ्यात "ताई, लवकर करा, साडेपाचला काउंटर बंद होतो" म्हणाला आणि मी टाकला. ओटीपी परस्पर त्याच्याकडे गेले. दोन व्यवहारांत ४३ हजार.

भाच्याने आधी फोनचं नेट बंद केलं, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार आणि बँकेत कार्ड ब्लॉक. १८ हजार समोरच्या खात्यात गोठवले गेलेत, अजून हातात नाहीत. उरलेल्याबद्दल बँकेचं म्हणणं असं, की पिन तुम्हीच दिलात, त्यामुळे तक्रारीपूर्वी गेलेले पैसे तुमचे. रिझर्व्ह बँकेचा नियमही तसाच आहे.

खऱ्या भरपाईचा अर्ज मी नंतर पोस्टात जाऊन दिला. मूळ पावती, काकूंचे फोटो, बिल. त्यांनी फुटके कप आणि खोकं ठेवायला सांगितलंय, तपासणीला लागू शकतं म्हणून. काकूंनी ते नागपुरात माळ्यावर जपून ठेवलंय. साडेतीनशे रुपयांसाठी.