विश्रामबागेतल्या वाइन शॉपचा इटालियन कप्पा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका वाइन शॉपनं इटालियन बाटल्यांना वेगळा कप्पा दिलाय. निवड मनापासून आवडली, चिठ्ठ्या मात्र घोळ घालतात. इटालियन लेबलवर पुष्कळदा फक्त गावाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं. त्यामुळे चिठ्ठी चुकली की गिऱ्हाईक फसलंच. 'मोंटेपुल्चानो दाब्रुत्सो' आणि 'वीनो नोबिले दी मोंटेपुल्चानो' इथे एकाच चिठ्ठीखाली आहेत. पहिल्यात मोंटेपुल्चानो हे द्राक्ष, आब्रुत्सो हा प्रदेश. दुसऱ्यात मोंटेपुल्चानो हे टस्कनीतलं गाव, आणि बाटलीत किमान 70 टक्के सांजोवेझे हे द्राक्ष. मटण सुक्क्याबरोबर पहिलीच घ्या, ती मऊ आहे. सांजोवेझेचा तुरटपणा तिखटानं आणखी बोचतो.

कप्प्यातली सगळ्यात महाग बाटली आमारोने या सुकवलेल्या द्राक्षांच्या वाइनची, आणि ती बेदाणे करणाऱ्या तासगावकरांना चटकन कळेल. वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात कोर्विना जातीचे घड तोडून जाळ्यांवर नाहीतर क्रेटमध्ये तीन-चार महिने सुकवतात. वजन साधारण तिसऱ्या हिश्शानं घटतं, साखर दाटते, म्हणून अल्कोहोल 14 टक्क्यांच्या खाली नसतं. आपल्याकडे बेदाण्याचा माल डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि दोनेक आठवड्यांत माल वाळतो. तिथे काहीच लावत नाहीत, थंडीच्या हवेवर सगळं सोडतात. हवेत दमटपणा वाढला की बुरशीची धास्ती मात्र दोन्हीकडे सारखीच.

अशी बाटली दुकानानं सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली उभी ठेवलीय. सांगलीच्या उन्हाळ्यात हे चालणार नाही. उभ्या बाटलीचं बूच सुकतं, उष्णतेनं वाइन फुगून बूच वर ढकलते. घेताना टोपीवरून अंगठा फिरवा. बूच वर आलेलं लागलं किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला, तर बाटली परत ठेवा.

प्रोसेक्को ही फेसाळ वाइन खालच्या फ्रीजमध्ये आहे, ते उत्तम. ग्लेरा द्राक्षाची ही वाइन ताजीच प्यायची, ठेवून सुधारत नाही. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून कमी गोड समजू नका. लिटरमागे 12 ते 17 ग्रॅम साखर असते, 'ब्रूट'मध्ये जास्तीत जास्त 12. भडंगाबरोबर ब्रूटच घ्या, 6 ते 8 अंशांवर. घरच्या फ्रीजमध्ये त्याला तीन तास लागतात. फ्रीझरमध्ये विसरलात तर बाटली फुटेल.