सपाट रस्ता, सगळ्यात हलका गिअर आणि ९,४०० रुपयांचं बिल

अलिबागहून रेवदंड्यापर्यंत सायकलला चढ असा लागतच नाही. या रस्त्याची मजा त्यातच आहे आणि आमची फसवणूकही त्याच भरवशावर बेतलेली होती. त्यामुळे आधी फसवणूक कशी झाली ते सांगते, राग मागाहून. हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडची बरीच मंडळी इकडे भाड्याच्या सायकलवर फिरायला येतात, त्यांना उपयोग होईल.

मी, माझी मावसबहीण आणि भावजी असे तिघे होतो. तिघेही पन्नाशीच्या आसपास, शर्यतीतले कोणी नाही. वाडीत थांबावं, शहाळं प्यावं, एखादं देऊळ बघावं आणि पुढे निघावं, एवढीच हौस. आम्ही बघितलेली सायकल-सहलीची जाहिरात अगदी तशाच लोकांसाठी लिहिलेली होती. माणशी ६,५०० रुपयांत गिअरची सायकल, हेल्मेट, मागून येणारी बॅकअप गाडी, इतिहास सांगणारा वाटाड्या, घरगुती जेवण, मुक्काम आणि जंजिऱ्याच्या होडीचं भाडं. शिवाय परत मिळणारं डिपॉझिट माणशी ५,०००. पैसे एका माणसाच्या खासगी खात्यावर यूपीआयने मागवले होते. पावती मागितली तर ‘पोचले’ एवढा मेसेज आला.

अलिबागला सकाळी एका बंद गाळ्यासमोर सायकली उभ्या होत्या. सोबत वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा, बोलायला गोड. वाटाड्या आजारी आहे म्हणाला. बॅकअप टेम्पो ‘पुढे सामान टाकून येतोय’ म्हणाला. तिघांची मूळ आधार कार्डं मागून घेतली. मग ब्रेक दाबून दाखवले, हवा दाखवली, घंटी वाजवली आणि आमच्यासमोर प्रत्येक सायकलचा व्हिडिओ काढला. ‘ताई, नंतर वाद नको, म्हणून आम्ही आधीच व्हिडिओ घेतो.’ ऐकून बरं वाटलं. तो तिन्ही सायकलींच्या डाव्या बाजूला उभा राहून व्हिडिओ काढत होता. सायकलची चेन, मागच्या दातेरी चकत्या आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारं डिरेलर हे सगळं उजव्या बाजूला असतं.

रस्त्याबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही सगळी अष्टागरातली गावं. दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्या, त्यांना लागून दगडी गडगे, मधूनच समुद्राकडे सुरूची रांग. ऊन अंगावर येतं ते फक्त वाडी संपते तिथे. आक्षीला मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक आहे. कोकणात शिलाहार-यादवांच्या काळातले गधेगाळही जागोजाग सापडतात. दिलेलं दान कोणी मोडलं तर त्याला काय शिक्षा व्हावी, ते गाढवाचं चित्र काढून दगडावर कोरायचे. करार मोडणाऱ्याला एवढ्या स्पष्ट भाषेत बजावण्याची सोय आता राहिली नाही, हे मला त्या सहलीत फार जाणवलं.

चौलला रामेश्वराच्या देवळापुढच्या पुष्करणीशी आम्ही बराच वेळ बसलो. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौल बंदरावर उतरला होता, तेव्हा हे गाव केवढं गजबजलेलं असेल याचा आज अंदाज येत नाही. पुढे रेवदंड्यात तर गाव पोर्तुगीज कोटाच्या आतच वसलेलं. रस्ता तटातून आत शिरतो आणि एकेकाळी सात मजले असलेला सातखणी मनोरा झाडांवरून डोकावतो. हे सगळं आम्हाला भावजींनी सांगितलं, कारण वाटाड्याचे पैसे भरले होते आणि वाटाड्या नव्हता.

एवढा वेळ सायकली मधल्या गिअरवर होत्या. चेन थोडी खरखरत होती, पण भाड्याच्या सायकलची चेन खरखरणारच. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव मागे टाकलं, उजव्या हाताला खाडीच्या तोंडाशी कोर्लईचा किल्ला दिसला, बोर्ली गेली. काशीदच्या अलीकडे रस्ता पहिल्यांदा डोंगराच्या अंगाने चढायला लागला. मी सगळ्यात हलका गिअर टाकला. दोन पॅडल मारली नाहीत तोच मागून कडाकड आवाज आला आणि चाक जागच्या जागी अडकलं. डिरेलर चाकाच्या तारांमध्ये घुसून उभं मोडलं होतं आणि दोन तारा तुटून लोंबत होत्या. वेग नव्हता म्हणून पाय टेकवता आला. त्याच जागी उतार असता तर ही हकिगत दुसऱ्या कोणाला लिहावी लागली असती.

बॅकअप गाडीला फोन केला. आधी उचलला नाही, मग ‘गाडी म्हसळ्याला अडकलीय’ म्हणाले. शेवटी बर्फ पोचवून परत चाललेल्या एका पिकअपवाल्याने सायकल मागे टाकून आम्हाला मुरूडला सोडलं. पैसे देऊ लागलो तर ‘चहा पाजा’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलींचा मालक यायच्या आत आम्ही सायकल मुरूडच्या बाजारातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. ही एक गोष्ट आमच्या हातून फार बरी झाली. त्याने सायकल उलटी केली, मागे वाकून बघितलं आणि बोलायच्या आधी फडक्याने पुसायला लागला. मग मला जवळ बोलावलं.

‘ताई, हे डिरेलर जिथे बसतं ना, ती ही पट्टी. हिला हँगर म्हणतात. ही आत वाकलेली आहे.’

पट्टीच्या बाकावर रंगाचा टवका उडाला होता. खालचं लोखंड उघडं पडलेलं आणि त्यावर तांबूस गंज. नुसता वर धरलेला नाही, नखाने खरवडला तरी न निघणारा. त्याने शेजारी माझी तुटलेली तार धरली. तिचं टोक चकचकीत, पांढरं. ‘खारी हवा आहे, गंज लवकर चढतो खरा. पण कालचं तुटलेलं हे असं दिसतं, आणि हे बघा,’ म्हणून परत पट्टीवर बोट ठेवलं. तिथे पान्याच्या दातांचे ओरखडेही होते, म्हणजे पूर्वी कोणी तरी पट्टी सरळ करायचा प्रयत्न करून सोडून दिला होता.

मग त्याने डिरेलरवरचे दोन बारीक स्क्रू दाखवले. एक ‘एच’, एक ‘एल’. डिरेलरने बाहेर किती जायचं आणि तारांकडे आत किती जायचं, ते हे स्क्रू रोखतात. पट्टी आत वाकलेली असेल तर ‘एल’ आणखी आवळावा लागतो, नाही तर सगळ्यात मोठ्या चकतीवर, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरवर, जाताना डिरेलर थेट तारांत. आमचा ‘एल’ जवळजवळ बाहेर आला होता. ‘हा आपला आपण एवढा मोकळा होत नाही,’ एवढंच तो म्हणाला. कोणी केला, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही सगळ्याचे उजव्या बाजूने, जवळून फोटो घेतले.

आता खेळ लक्षात येईल. सपाट रस्त्यावर हलका गिअर कोणी टाकत नाही. अलिबागच्या आसपास फेरफटका मारणाऱ्या दहा जणांना ही सायकल ठीकच वाटेल. काशीदपर्यंत जाणारा अकरावा सापडतो, आणि त्याच्या डिपॉझिटमधून जुनं मोडकं फेडून घेतलं जातं.

मालक दुपारी आला तो छापील बिल घेऊनच. डिरेलर ३,८००, चाक ३,२००, मजुरी ९००, ‘सायकल बंद राहिल्याचं नुकसान’ १,५००. एकूण ९,४००. त्या एका सायकलचं डिपॉझिट वजा जाता आणखी ४,४०० द्या, मग आधार कार्डं मिळतील. सात गिअरच्या साध्या सायकलचं डिरेलर हजाराच्या आसपास मिळतं, हे दुरुस्तीवाल्याने नुकतंच सांगितलं होतं. गंज दाखवला तर मालक म्हणाला, ‘ताई, सायकल तुमच्या हातात होती की माझ्या? व्हिडिओ आहे आमच्याकडे.’ त्या व्हिडिओत घंटी फार सुंदर दिसत होती.

तिघांची कार्डं त्याच्या खिशात आणि परतीची एसटी सुटायची वेळ झालेली. भावजींनी पैसे दिले, पण यूपीआयने, आणि शेऱ्यात ‘वादग्रस्त रक्कम, आधार कार्ड अडवल्यामुळे’ असं लिहून. या एका ओळीचा पुढे फार उपयोग झाला. जंजिऱ्याच्या होडीचं भाडं पॅकेजात होतं, तेही राजपुरीच्या धक्क्यावर आम्ही सकाळी पुन्हा आमच्याच खिशातून भरलं होतं. त्यावर त्याने उत्तरसुद्धा दिलं नाही.

घरी आल्यावर सायकलवाल्या ओळखीच्यांमध्ये विचारणा केली. ठाण्याच्या एका जोडप्याला आधीच्या हिवाळ्यात हाच माणूस भेटला होता. त्यांनी त्यांना आलेला ‘नुकसानीचा फोटो’ पाठवला. मलाही मालकाने पुरावा म्हणून एक फोटो पाठवला होता. दोन्हींत तेच मोडकं डिरेलर, तीच लाल फरशी, फरशीवर तोच ऑइलचा डाग. माझं डिरेलर तर फोटो काढायला त्याच्या गाळ्यात पोचलंसुद्धा नव्हतं.

दोन्ही फोटो, दुरुस्तीवाल्याकडचे फोटो आणि यूपीआयचा तो शेरा जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मालकाला पाठवल्यावर काही दिवसांत ५,००० परत आले, ‘गैरसमज झाला’ या मेसेजसह. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी अलिबागला हेलपाटे घालायला नकोत. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि घटनेपासून २ वर्षांची मुदत असते. वकील हवाच असं नाही.

भाड्याने सायकल घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी कोणाला तरी मागचं चाक उचलून धरायला सांगा आणि हाताने पॅडल फिरवत सगळे गिअर टाकून बघा, विशेषतः सगळ्यात मोठ्या चकतीवरचा. मागून बघितलं तर डिरेलरचा पिंजरा चकत्यांच्या रेषेत सरळ लोंबायला हवा, तारांकडे कललेला नको. तारांपाशी टकटक आवाज आला तर सायकल बदलून मागा. व्हिडिओ आपला आपण काढा, उजव्या बाजूने, आणि तिथल्या तिथे त्यांच्या नंबरवर पाठवा. मूळ आधार कोणालाही ठेवायला देऊ नका. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मिळतं, त्याची प्रत पुरते.

त्याहून सोपं म्हणजे आपली सायकल न्यावी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट वेगळं तिकीट घेऊन सायकल नेते, तासाभरात पलीकडे. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. भावजींचा पुढचा बेत तोच आहे.

त्या मालकाची जाहिरात नव्या नावाने आणि नव्या नंबरने अजून चालू आहे. नाव इथे लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. ओळखायचं असेल तर फोटो नीट बघा. सायकलवाले लोक सायकलचा फोटो नेहमी चेनच्या बाजूने काढतात, या जाहिरातीतल्या सगळ्या सायकली डाव्या बाजूने काढलेल्या आहेत.