कमी बजेटमध्ये स्पीकर डॉक घेताना आधी मागची बाजू बघा

स्पीकर डॉक, म्हणजे गाण्यांचा प्लेअर वर बसवून वाजवायचा आणि चार्ज करायचा स्पीकर, घ्यायला गेलं की नजर जाते समोरच्या जाळीवर आणि चमकत्या बटणांवर. बजेट बेताचं असेल तर डॉक आधी फिरवून मागची बाजू बघावी. तिथे ३.५ मिलिमीटरचं ऑक्स इनपुट, म्हणजे प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर आणून जोडायची जागा, आहे का? नसेल तर आवाज कितीही गोड असो, तो डॉक घेऊ नये. प्लेअर बदलतो, त्याचा कनेक्टरही बदलतो, स्पीकर मात्र नीट ठेवला तर पुढची कित्येक वर्षं वाजत राहतो.

याचा धडा अॅपलच्या आयपॉड या प्लेअरनेच दिला आहे. ३० पिनांचा रुंद डॉक कनेक्टर २००३ मध्ये आला. २०१२ मध्ये त्याच्या जागी लायटनिंग हा छोटा कनेक्टर आला आणि तोवर विकलेला एकही डॉक नव्या प्लेअरला थेट बसेना. २०२२ मध्ये तर आयपॉड टचही बंद झाला. बोसचा २००४ चा पहिला साउंडडॉक घ्या. छोट्या आकाराच्या मानाने त्याचा आवाज आजही भरदार वाटतो, पण त्याला ऑक्स नाही. पुढच्या सिरीज टूमध्ये ते आलं. वापरलेला साउंडडॉक स्वस्तात मिळत असेल तर सिरीज टू की पहिला, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जेबीएलच्या गोल ऑन स्टेज डॉकला ऑक्स आहे, म्हणून तो जुना असला तरी कामाचा.

जुन्या डॉकची दुसरी अडचण चार्जिंगची. सुरुवातीचे अनेक डॉक फायरवायरच्या (यूएसबीसारख्याच एका जुन्या जोडणीच्या) पिनांवर १२ व्होल्ट देतात. २००८ पासूनचे आयपॉड टच, नॅनो आणि आयफोन यूएसबीच्या ५ व्होल्टवरच चार्ज होतात. अशा जोडीत गाणं छान वाजतं, बॅटरी मात्र उतरत जाते. प्लेअर डॉकवर ठेवून चार्जिंगचं चिन्ह येतं का, एवढं पाहिलं तरी उत्तर मिळतं. ३० पिनांवर बसणारा ब्लूटूथ रिसीव्हर लावायचा विचार असेल तर तिथेही हीच गोम. असे बरेच रिसीव्हर ५ व्होल्टवर चालतात. फक्त १२ व्होल्ट देणाऱ्या डॉकवर ते सुरूच होत नाहीत.

मग कनेक्टरवाला डॉक घ्यावाच कशाला? कारण ३० पिनांच्या कनेक्टरमधून लाइन आउट मिळतो. म्हणजे प्लेअरच्या हेडफोन अॅम्प्लिफायरमध्ये जाण्याआधीचा स्वच्छ सिग्नल. ऑक्सच्या तुलनेत फरक कानाला जाणवतो, खासकरून हळू आवाजात. या सिग्नलवर प्लेअरच्या व्हॉल्यूमचा परिणाम होत नाही, सगळा ताबा डॉकच्या बटणांकडे. ती बटणं बिघडलेली असतील तर आवाज कमी-जास्त करायला काहीच उरत नाही, म्हणून वापरलेल्या डॉकची प्लस-मायनस बटणं दहा-बारा वेळा दाबून बघा. लायटनिंगमधून अॅनालॉग आवाज येतच नाही. त्याच्या ३० पिन अडॅप्टरमध्ये डिजिटलचं अॅनालॉग करणारी चिप असते. शिवाय अडॅप्टर लावला की प्लेअर उंच होतो, डुलतो आणि सगळा ताण कनेक्टरवर येतो. पाठीला आधार नसलेल्या डॉकवर हा अडॅप्टर वापरू नये.

ऑक्सने जोडताना प्लेअरचा व्हॉल्यूम साधारण तीन-चतुर्थांशावर ठेवावा आणि उरलेलं डॉकवर वाढवावं. प्लेअर फार हळू ठेवून डॉक पूर्ण वर नेला तर गाण्यासोबत सूं-सूं आवाजही मोठा होतो. उलट काही प्लेअरचा आवाज पूर्ण व्हॉल्यूमला फाटतो आणि दोष स्पीकरला जातो.

वॅटच्या आकड्यावर भुलण्याचं कारण नाही. पीएमपीओ लिहिलेला, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला, आकडा सरळ सोडून द्यावा आणि आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा आकडा, बघावा. तोही पटत नसेल तर डॉकच्या विजेच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. १२ व्होल्ट आणि १.५ अँपिअर म्हणजे गुणाकार १८ वॅट. त्या डॉकमधून सलग १८ वॅटपेक्षा जास्त निघणं शक्यच नाही, खोक्यावर ५० लिहिलेलं असलं तरी. आणि वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलनी वाढतो. १० वॅटचा नीट बांधलेला डॉक छोट्या खोलीला पुरतो. जास्तीचे पैसे घालायचेच तर मोठ्या कोनवर (स्पीकरमधल्या थरथरणाऱ्या शंकूवर) आणि जड, घट्ट पेटीवर घालावेत. दोन इंची कोनमधून खोल बास येत नाही. तो आणल्याचा आव आणणारे डॉक वरचा बास फुगवतात, मग माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

ऐकून घ्यायची संधी असेल तर तीन गोष्टी पुरतात. गाणं थांबवून कान जाळीजवळ न्या आणि सूं-सूं किती आहे ते ऐका. मग बास गिटार स्पष्ट असलेलं गाणं तीन-चतुर्थांश आवाजात लावा आणि पेटीवर तळहात ठेवा. कुठे पत्रा किंवा प्लास्टिक झणझणत असेल तर हाताखाली लगेच कळतं. शेवटी एकट्या माणसाचं बोलणं लावा. ते दोन्ही कोनच्या बरोबर मधून यायला हवं. पसरट येत असेल आणि बास गायब असेल तर एका कोनच्या तारा उलट जोडलेल्या असण्याची शक्यता मोठी. दुरुस्ती सोपी आहे, पण भाव करताना ते मोजायला हवं.

वापरलेल्या डॉकमध्ये कोनभोवतीची फोमची कडा भुकटी झाली आहे का ते जाळी काढून बघावं. रबरी कडा जास्त टिकते. विजेचा मूळ अडॅप्टर नसेल तर व्होल्ट, पिनेची ध्रुवता (प्लस आत की बाहेर) आणि आउटपुट डीसी आहे की एसी, हे तिन्ही जुळल्याशिवाय दुसरा लावू नये. अँपिअर मूळपेक्षा जास्त असले तर चालतात, कमी नकोत. चार पेन्सिल सेलवर चालणारा डॉक असेल तर साध्या सेलचे ६ व्होल्ट होतात, रिचार्जेबलचे ४.८. काही डॉक तेवढ्यावर लवकर बंद पडतात.

ऑक्स आणि चार्जिंग एकाच वेळी लावल्यावर घूं-घूं ऐकू आली तर चार्जरची वायर काढून बघा. थांबली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन्ही वायरींच्या ग्राउंडमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. ऑक्सच्या वायरीत छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर टाकला की जातो, त्यापायी डॉक परत करण्याची गरज नाही.

जुना ३० पिनांचा आयपॉड रोज वापरात असेल तर ऑक्स असलेला वापरलेला डॉक घ्यावा. इतक्या कमी पैशात इतका चांगला आवाज दुसरीकडे मिळणं कठीण. बाकी कुठलाही प्लेअर असेल तर डॉकचा नाद सोडा आणि ऑक्सवर चालणारे दोन सुटे टेबल स्पीकर घ्या. एका पेटीत वीतभर अंतरावर बसवलेल्या दोन कोनमधून स्टिरिओ असा ऐकूच येत नाही. सुटे स्पीकर हातभर लांब ठेवले की गाण्यातली वाद्यं आपापल्या जागी उभी राहतात.